बाबा बसलेत

बाबा बसलेले असले तर खुशाल जायचं आणि उठलेले असले तर थांबायचं, एवढा एकच नियम त्या रेल्वेफाटकावर खऱ्या अर्थानं चालायचा. बाकीचे नियम पाटीवर होते. पाटी चांगली दाराएवढी मोठी, निळ्यावर पांढरी अक्षरं, खाली रेल्वेचा शिक्का. पण रोजच्या वाटेवरची पाटी वाचतो कोण? ती तिथे आहे हेसुद्धा लोक विसरले होते. बाबा मात्र दिसायचे. रुळांच्या पलीकडे लाकडी बाकावर, दोन्ही हात काठीवर, हनुवटी हातांवर आणि तोंड वळणाच्या दिशेला.

मुळात ते फाटक माणसाचं होतं आणि तो माणूस म्हणजे बाबा. उभी हयात त्यांनी तिथे काढली. स्टेशनातून फोन वाजायचा, बाबा केबिनमधून बाहेर येऊन चाकाची मूठ फिरवायचे, दोन्हीकडचे लांब दांडे कुरकुरत खाली यायचे. मग कुलूप. ते कुलूप लागल्याशिवाय गाडीला हिरवा सिग्नल मिळायचाच नाही, अशी दोघांची गाठ तारेनं मारून ठेवलेली होती. दांडा खाली आला की कुणी मंत्री असो की संत्री, बाबा पुन्हा वर करायचे नाहीत. लोक हात जोडायचे, शिव्या घालायचे, लाडीगोडी लावायचे. बाबा ढिम्म.

आणि गाडी यायच्या वेळी बाबा उभे राहायचे. तो त्यांच्या नोकरीतला कायदाच होता. फाटकवाल्यानं केबिनसमोर ताठ उभं राहायचं, गुंडाळलेला हिरवा झेंडा हातात धरायचा, इंजीनवाल्याला तोंड दाखवायचं आणि शेवटचा डबा जाईपर्यंत सगळी गाडी नजरेखालून घालायची. कुठे धूर निघतोय का, काही लोंबतंय का, चाक नको तसं वाजतंय का. गाडी कधी बसून बघायची नसते, असं ते म्हणायचे. घरी जेवताना लांबून शिट्टी आली तरी त्यांचा गुडघा आपोआप ताठ व्हायचा, आणि मग त्यांची लेक हसायची.

ही लेक म्हणजे गावाची ताई. फाटकाच्या अलीकडे जी मोठी लॉन्ड्री होती तिथे ती वाफेच्या इस्त्रीवर काम करायची. इस्पितळाच्या चादरी, हॉटेलांचे टेबलक्लॉथ, वकिलांचे कोट. तिच्या हातांना सदा वाफेचा वास आणि मनगटांवर भाजल्याच्या खुणा. आई लहानपणीच गेली, मग बापलेकच. तिनं लग्न का केलं नाही हे तिला विचारायची कुणाची छाती नव्हती. बोलायला फटकळ, पण कुणाच्या घरी आजारपण आलं की पहिली हजर. बापावर तिचा भारी जीव होता, आणि म्हणूनच ती त्याच्यावर सगळ्यांत जास्त चिडायची.

बाबा रिटायर झाले त्याच वर्षी रेल्वेनं फाटक आपोआपचं करून टाकलं. केबिन पाडली, चाक उखडून नेलं. त्या जागी लाल दिव्यांची जोडी आली, घंटा आली आणि दोन आखूड दांडे आले. गाडी लांब असतानाच रुळातल्या तारेला कळणार, दिवे लुकलुकणार, घंटा वाजणार, दांडे खाली येणार. गाडी गेली की सगळं जिथल्या तिथे. पगार नको, रजा नको, पेन्शन तर नकोच नको. केबिनपुढचा बाक तेवढा कसा कोण जाणे उरला. बहुधा त्याची नोंद कुठेच नसावी.

बाबांच्या लेखी जगात फाटकं तीन जातींची. एक उघडं, जिथे नुसती फुलीची पाटी. तिथे थांबा, दोन्हीकडे बघा, कान द्या आणि आपल्या जिवावर जा. दुसरं माणसाचं. आणि तिसरं हे आपोआपचं, ज्याला ते अनाथ फाटक म्हणायचे. पहिल्या जातीबद्दल त्यांना राग नव्हता. तिथे माणूस घाबरून जातो, म्हणून बघून जातो, असं त्यांचं म्हणणं. राग या अनाथाचा. त्यातून हे आखूड दांडे! रस्त्याच्या अर्ध्याच भागावर यायचे. त्यामागे विचार होता, नाही असं नाही. आत कुणी अडकलाच तर त्याला मोकळ्या अर्ध्या बाजूनं बाहेर पडता यावं. पण लोक कसले! त्यांनी बाहेर पडायची वाट आत शिरायला वापरली. सायकल जरा तिरकी केली, दांड्याला वळसा घातला की झालं.

तेही एक वेळ चाललं असतं. पण ती घंटा खोटी बोलायची. फाटकाच्या अलीकडच्या अंगाला, वळणापाशी, मालगाडीला बाजूच्या रुळावर थांबवून ठेवायची पद्धत होती. मागून जलद गाडी यायची असली की मालगाडीनं तिथे मुकाट उभं राहायचं आणि जलद गाडीनं पलीकडच्या रुळावरून पुढे जायचं. आता ही मालगाडी लांबलचक असली की तिच्या इंजिनाची चाकं नेमकी त्या शहाण्या तारेवर येऊन थांबायची. झालं! घंटा सुरू. दिवे सुरू. गाडी जागची हलत नाही आणि घंटा थांबत नाही. अर्धा अर्धा तास टणटण. रेल्वेला किती वेळा सांगितलं, दुरुस्ती चालू आहे असं उत्तर यायचं. लोकांनी शेवटी घंटेकडे कानाडोळा केला, त्यात नवल काय?

वर अडचण अशी की लॉन्ड्रीच्या बाजूला उभं राहिलं की त्या उभ्या मालगाडीआड पलीकडचा रूळ दिसायचाच नाही. नुसती वाघिणींची भिंत. पलीकडून मात्र सगळं दिसायचं, पार वळणापर्यंत. आणि पलीकडे बाबा होते.

रिटायर झाल्यावर दुसऱ्याच दिवशी चहा पिऊन ते बाकावर जाऊन बसले होते. कुठे जाणार दुसरीकडे? बसून राहायचे, आणि खरीखुरी गाडी आली की सवयीनं उठून उभे राहायचे. झेंडा नसायचा, मग काठी काखेत धरायचे. जुने इंजीनवाले अजून हात वर करायचे, त्या दिवशी बाबा दोन घास जास्त जेवायचे. त्यांचे कान असे तिखट की घंटेच्या आधी ते उठलेले असायचे. लोकांच्या हे ध्यानात यायला कितीसा वेळ लागणार? घंटा वाजतेय आणि बाबा बसलेत, म्हणजे मालगाडी उभी आहे, चला. बाबा उठले, म्हणजे खरी गाडी, थांबा.

हा शोध गावभर केला तो रेडिओनं. रेडिओ म्हणजे सलूनवाला. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवायला वेळ लागत असेल. कात्रीपेक्षा तोंड जास्त चालायचं, पण मनानं निर्मळ. लॉन्ड्रीला लागूनच त्याचं दुकान. दर आठवड्याला डबीत साबण, ब्रश, वस्तरा घालून तो सायकलवरून पलीकडे जायचा आणि बाकावरच बाबांची दाढी करायचा, एक पैसा न घेता. वर ताईला चिडवायचा, की ताई, तुझ्या कपाळावरच्या आठ्यांना तुझी इस्त्री का चालत नाही? ताई त्याला हातातला टॉवेल फेकून मारायची. तो दिवसातून एकदा तरी चिडवायला आला नाही तर तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

एके दिवशी दुपारी बाबा ताडकन उठून उभे राहिले. रस्त्यावरची सगळी रहदारी जागच्या जागी थांबली. टेम्पो थांबला, सायकली थांबल्या, शाळेतली पोरं थांबली. घंटा नाही, दिवे नाहीत, दांडे वर. तरी एक माणूस पुढे पाऊल टाकेल तर शपथ! सगळे बाबांकडे बघतायत आणि बाबा स्वतःची विजार झटकतायत. मुंगळा चढला होता. मुंगळा निघाला, बाबा बसले, आणि रहदारी निमूट चालू झाली. गाव हसून हसून बेजार. रेडिओनं तर त्या मुंगळ्याला रेल्वेत नोकरीच देऊन टाकली.

ताई हसली नाही. लॉन्ड्रीच्या दारातून तिनं सगळं बघितलं होतं. गाडी नसताना बाबा उठले तर सगळे थांबतात. मग गाडी असताना बाबा उठले नाहीत तर? डुलकी लागली तर? वय झालंय, कान आज आहेत, उद्या असतीलच कशावरून? घरी आल्याआल्या तिनं विषय काढला. बाबा म्हणाले की मी कुणाला जा म्हणत नाही आणि थांब म्हणत नाही, मी नुसता बसलेला असतो, त्यात माझा काय गुन्हा?

“तुमचं बसणं हाच हिरवा झेंडा झालाय, बाबा,” ताई म्हणाली. “तुम्ही नका बसू तिथे.”

बाबांचा चेहरा असा उतरला की तिचं तिलाच कसंतरी झालं. मग ते गुरगुरले, की त्या घंटेपेक्षा मी परवडलो. आणि भांडण जुंपलं ते जुंपलंच. रोज तेच. ती म्हणायची घरात बसा, ते म्हणायचे घरात बसून काय भिंती मोजू? ती म्हणायची लोक मरतील, ते म्हणायचे माझ्या फाटकावर आजवर एक कुत्रं मेलेलं नाही. हे खरं होतं आणि तिथेच सगळं घोडं अडायचं.

बाप ऐकत नाही म्हटल्यावर ताईनं लोकांना धरलं. रोज दुपारी ती बाबांचा डबा घेऊन फाटक ओलांडायची. घंटा वाजत असली की दांड्याशी गच्च उभी राहायची आणि इतरांनाही अडवायची. पाटीवरचे नियम तिनं तोंडपाठ केले. दिवे लुकलुकताना रुळावर पाय टाकायचा नाही. दांड्याला वळसा घालायचा नाही. एक गाडी दिसते म्हणून दुसरी नाही असं धरून चालायचं नाही, तिच्या आडून दुसरी येते. गाडी गेली तरी दिवे विझेपर्यंत जागचं हलायचं नाही. रुळावर वाहन बंद पडलं तर आधी माणसं उतरवायची, मग वाहनाचं बघायचं. लोक तिला पाटीताई म्हणायला लागले. काही जण तिच्या भिडेनं थांबायचे, बरेचसे हसून निघून जायचे. जाताना म्हणायचे, अगं ताई, तुझेच बाबा बसलेत की!

मग एकदा रेल्वेचे इन्स्पेक्टर आले. लोक दिव्यांना जुमानत नाहीत अशी इंजीनवाल्यांची तक्रार होती. माणूस भला होता. बाबांशी बाकावर बसून गप्पा मारल्या, मग लॉन्ड्रीत ताईकडे आला. स्टुलावर बसून त्यानं स्वच्छ सांगितलं की घंटेचं काम हाती घेतलंय, पण पहिली गोष्ट म्हणजे तो बाक तिथून हलला पाहिजे. बाक नाही तर बाबा नाहीत, आणि बाबा नाहीत तर लोक झक मारत दिव्यांकडे बघतील. उद्या माणसं पाठवतो. तुमची काही हरकत?

हेच तर तिला हवं होतं. आणि नेमकं तेव्हाच तिच्या डोळ्यांपुढे रिकामा झालेला बाप आला. केबिन पाडली त्या दिवशी ते तोंडावर पांघरूण घेऊन झोपले होते, तीन वेळा उठवलं तरी उठले नाहीत. बाक नेला तर हा माणूस हाय खाईल, तिला वाटलं.

“थोडे दिवस थांबा, साहेब,” ती म्हणाली. “घंटा दुरुस्त होऊ दे. तोवर मी त्यांना समजावते.”

साहेबांनी मान हलवली, ते निघून गेले. बाक राहिला.

ते घडलं त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलेलं होतं. पाऊस नाही, वारा नाही, नुसतं मळकट झाकण. आदल्या संध्याकाळी बापलेकीचं पुन्हा वाजलं होतं आणि दोघंही न बोलता झोपले होते. सकाळी बाबांनी चहा घेतला, कप विसळून ठेवला, काठी घेतली. दारात जरा थांबले. काहीतरी बोलणार असं वाटलं, पण ताईनं पाठ फिरवलेली, तिनं वळून बघितलं नाही. चपलांचा आवाज अंगणातून गेला.

दुपारी ती डबा घेऊन लॉन्ड्रीतून निघाली तेव्हा घंटा वाजतच होती. मालगाडी येऊन उभी राहिलेली, कोळशाच्या वाघिणी, शेपूट वळणात गेलेलं. इंजीन जागच्या जागी घुरघुरत होतं आणि त्या घुरघुरीत दुसरं काही ऐकू येत नव्हतं. दांड्यापाशी घोळका जमला होता. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या दोन बायका, एक पोस्टमन, एक टेम्पोवाला. ताई जाऊन सगळ्यांच्या पुढे उभी राहिली आणि नेहमीसारखी सुरू झाली, की कुणी जायचं नाही, दिवे चालू आहेत.

तेवढ्यात मागून सायकलची घंटी. रेडिओ. हँडलला साबणाची डबी लटकवलेली, खांद्यावर धुतलेला टॉवेल. बाबांच्या दाढीचा वार होता. तो सायकल तिरकी करून दांड्याला वळसा घालायला लागला तशी ताईनं त्याच्या सायकलचं कॅरिअर मागून धरलं. घट्ट धरलं. दाढी पळून जात नाही, ती म्हणाली.

रेडिओ हसला. एक पाय जमिनीवर टेकून त्यानं हनुवटीनंच पलीकडे दाखवलं.

“ताई, बाबा बसलेत.”

आणि ताईनं बघितलं.

रोज ती तिकडे बघायचं टाळायची. दिव्यांकडे बघायची, पाटीकडे बघायची, लोकांच्या तोंडाकडे बघायची, पण बाकाकडे नाही. त्या दिवशी बघितलं. बाबा बसले होते. दोन्ही हात काठीवर, हनुवटी हातांवर, तोंड वळणाकडे. नेहमीसारखे शांत. ते नुसते दिसले आणि तिचा जीव भांड्यात पडला, लहानपणी शाळेतून येताना पडायचा तसा. अगदी लहान होती तेव्हापासून याच माणसाकडे बघून तिनं हा रूळ ओलांडला होता. तिच्या डोक्यानं काही ठरवलं नाही, पाटीवरचा एकही नियम तिला आठवला नाही. बोटं आपोआप सैल पडली.

रेडिओनं पायडल मारलं. मालगाडीच्या तोंडापुढून तो पहिला रूळ ओलांडून गेला आणि दुसऱ्यावर पोचला.

जलद गाडीची शिट्टी आणि गाडी एकदमच आली. वाघिणींच्या आडून काहीतरी लांब, काळं, भयंकर मोठं सुटलं आणि समोरचं सगळं पुसून गेलं. बाक नाही, बाबा नाहीत, रस्ता नाही, नुसते डबे, डबे, डबे. कुणीतरी बाई किंचाळत होती. ताईच्या हातातला डबा खाली पडला, झाकण घरंगळत रुळापर्यंत गेलं. गाडी ब्रेक लावत, करकरत, खूप लांब जाऊन थांबली.

रेडिओ गेला होता. तो कसा गेला हे सांगण्यात अर्थ नाही. टॉवेल तेवढा दांड्याजवळ पडलेला, पांढराशुभ्र, तिनंच सकाळी इस्त्री करून दिलेला.

पोस्टमन आणि टेम्पोवाला पुढे धावले. ताई धावली नाही. ती चालत निघाली, सरळ बाकाकडे. तिच्या अंगाचा नुसता जाळ झाला होता. आजवर कधी कुणाचा आला नसेल असा राग तिला बापाचा आला. झोपले! शेवटी झोपलेच! सांगून सांगून जीभ झिजली, आणि हा माणूस डुलकी काढतोय! गाडी डोळ्यांसमोरून गेली तरी उठला नाही! तिला त्यांना दंडाला धरून उठवायचं होतं, रुळाशी न्यायचं होतं, दाखवायचं होतं.

“बाबा,” ती ओरडली, “उठला का नाहीत?”

तिनं खांदा धरून हलवला. काठी सटकली आणि जमिनीवर पडली. बाबा काठीच्या मागोमाग हळूच पुढे झुकले, आणि तिनं त्यांना छातीशी धरलं तेव्हा त्यांचं कपाळ तिच्या गळ्याला लागलं. थंडगार होतं.

डॉक्टर म्हणाले की सकाळीच केव्हातरी गेले असावेत. बसल्या बसल्या, त्रास न होता. सकाळपासून किती माणसं त्या बाकाकडे बघून रूळ ओलांडून गेली असतील कोण जाणे. पोरं शाळेत गेली, बायका बाजारात गेल्या. एक गाडी आली तेव्हा मालगाडी नव्हती, म्हणून लोकांनी ती आपल्या डोळ्यांनी बघितली आणि थांबले. बाबा उठले नाहीत हे तेव्हा एकाच्याही लक्षात आलं नाही.

बापाचं आणि रेडिओचं एकाच संध्याकाळी झालं. गाव आधी इकडे आलं, मग तिकडे गेलं.

इन्स्पेक्टरांनी माणसं पाठवली, बाक उचलून नेला. घंटाही दुरुस्त झाली, तिला तेवढाच मुहूर्त मिळाला. आता मालगाडी कितीही वेळ उभी राहिली तरी घंटा गप्प असते, आणि वाजली की गाडी येतेच. लोक दिव्यांकडे बघायला लागले. तरी एखादा जुना माणूस सवयीनं पलीकडे बघतो, तिथे मातीत बाकाचे चार खड्डे आहेत.

गावानं या सगळ्याची एक गोष्ट बनवली. बाबांना दोष कसा द्यायचा? मेलेल्या माणसानं उठायचं तरी कसं? मग उरला रेडिओ. घाईचा होता, कुणाचं ऐकायचा नाही. ताईनं बिचारीनं सायकल धरून ठेवली होती, पोस्टमननं डोळ्यांनी बघितलं, पण त्यानं हिसडा दिला आणि सुटला. ही गोष्ट ताईच्या कानावर पहिल्यांदा आली ती लॉन्ड्रीत, मालकांच्या तोंडून. तिनं इस्त्री चादरीवर ठेवली ती तशीच राहिली, चादर जळाली. मालकांनी इस्त्री उचलून बाजूला ठेवली. त्यांना वाटलं, बापाचं दुःख.

ती मूग गिळून गप्प बसली. सांगून काय होणार होतं? माणूस का परत येणार होता? असं ती स्वतःला समजवायची, आणि रात्री तिच्या उजव्या हाताला कॅरिअरची थंड सळई लागायची. हात धुतला तरी लागायची.

मग एका रविवारी रेडिओची बायको आली. अबोल बाई, नवरा दोघांचं बोलायचा म्हणून हिला कधी बोलावंच लागलं नव्हतं. पदराआडून तिनं साबणाची ती डबी काढली. डबीला पोचा पडला होता, वस्तरा आत शाबूत होता. बाबांची दाढी याच वस्तऱ्यानं व्हायची, तुमच्याकडे असू दे, ती म्हणाली. ताईनं तिला बसवलं, चहा टाकला. दोघी समोरासमोर बसल्या.

“एक सांगायला आले होते,” रेडिओची बायको कपाकडे बघत म्हणाली. “तुम्ही धरून ठेवलं होतंत त्यांना. सगळे सांगतात. त्यांनीच ऐकलं नाही. तुमचे उपकार आहेत, ताई. कुणीतरी त्यांना अडवलं होतं, एवढं मला पुरेसं आहे.”

ताईनं मान हलवून ते घेतलं असतं तर तिथेच मिटलं असतं. त्या बाईला तेवढाच आधार होता, आणि तो काढून घ्यायला कसायाचं काळीज लागतं. ताईला हे कळत होतं. पण तो खोटा आधार होता, आणि त्यात रेडिओच्या डोक्यावर हिसड्याचा आळ होता. त्यानं हिसडा दिला नव्हता. त्यानं हसून विचारल्यासारखं सांगितलं होतं आणि वाट बघितली होती.

“त्यानं हिसडा नाही दिला,” ताई म्हणाली. “मी सोडलं.”

रेडिओच्या बायकोनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, अजून काहीच नव्हतं.

“का?” तिनं विचारलं.

ताईनं तोंड उघडलं. तिच्याकडे एवढंच उत्तर होतं, आणि ते सगळ्या गावाला पाठ होतं.

“बाबा बसले होते.”

रेडिओच्या बायकोनं कप खाली ठेवला, पदर सावरला आणि ती उठली. दारात चपला घालताना फाटकाची घंटा वाजायला लागली. तिला पलीकडे जायचं नव्हतं, तिचं घर याच बाजूला होतं. तरी ती उंबऱ्यातच उभी राहिली, ताईकडे पाठ करून, गाडी जाईपर्यंत आणि नंतर घंटा थांबेपर्यंत. मग गेली. चहा अर्धा तसाच होता.